न झोंबणारा डोळा

लिंबागणेश,
दि. ३ मार्च २०२५

चि. रुद्रप्पा यास अक्काचे अ. उ. आ.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून कागद घेतला. डाव्या डोळ्यात वाढलेलं मांस कापून सात आठवडे झाले. टाके गेले, लाली गेली. शिवरात्र झाली की गावाची मिरची कुटायला माझ्याच कांडपावर येते, यंदाही रांग आहे. आणि गंमत ऐक. यंत्र सुरू झालं की उजव्या डोळ्याला धार लागते, डावा मात्र ढिम्म! शेजारची दगडाबाई म्हणाली, लई पक्का डोळा करून दिलाय गं डॉक्टरनं. धुरळा जाऊ नये म्हणून त्यांनी दिलेला चष्मा मी फडताळात टाकलाय.

संगमेशचं एकच टुमणं, आई, यंत्र विकू, आता घरी बस. त्याचे वडील गेल्यापासून सतरा वर्षं मी ते चालवलं, त्यावरच हा शिकला आणि त्याचं लग्न झालं. मी बसणार नाही. तू त्याचा मामा आहेस, चार शब्द सुनाव. सून कावेरी गुणाची आहे, पण नवऱ्यापुढं तोंड उघडत नाही.

माया आहे तशीच असू दे.
तुझी जगदेवीअक्का

दिंद्रुड,
दि. ८ मार्च २०२५

ती. अक्कास रुद्रप्पाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग काळजी लागली. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून माजलगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून आलो. ते म्हणाले, डोळा पक्का नाही, बधिर झालाय. मांस काढताना बारीक नसाही कापल्या जातात. त्या पुन्हा वाढतात, पण काही महिने लागतात. तोवर डोळ्यात काही गेलं तरी कळत नाही आणि आतल्या आत जखम होते. तू मिरचीच्या धुरळ्यात उघड्या डोळ्यानं उभी राहतेस म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

संगमेशला काय सुनावू? या वेळी मी त्याच्याच बाजूचा आहे. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना बीडला जाऊन दाखव. रागाव, पण जा.

लोभ आहे म्हणूनच एवढं लिहितो.
तुझा रुद्रप्पा

लिंबागणेश,
दि. १६ मार्च २०२५

चि. रुद्रप्पा यास आशीर्वाद, आणि थोडा रागही.

तुला खोटं पाडायचं म्हणूनच बीडला गेले. डॉक्टरांनी उजव्या डोळ्याला कापसाचं टोक लावलं तशी मी खुर्चीतून उडाले. डाव्याला कधी लावणार म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, लावून झालं. मग पापणी उलटली. आत मिरचीचं साल चिकटलेलं आणि बुबुळावर ओरखडा. आणखी दोन दिवसांनी चिघळलं असतं, म्हणाले.

ओरखडा भरेपर्यंत यंत्राजवळ जायचं नाही असं ठरलं. संगमेशनं तेवढ्यात यंत्र विकत घ्यायला पाली गावचं गिऱ्हाईक आणलं. त्याला दाखवायला कावेरीनं यंत्र चालू केलं. मी लांब दारात उभी होते, चष्मा न लावता, ते माझंच चुकलं. उजव्या डोळ्याला धार लागली, कुणाला काही वाटलं नाही. मग डावाही वाहू लागला. कावेरीला आनंद झाला, तिनं विचारलं, आत्याबाई, झोंबायला लागलं का? मी मानेनंच नाही म्हटलं. तिनं खटकन बटण बंद केलं आणि नवऱ्याकडं वळली. म्हणाली, त्या डोळ्याला तर मिरची लागतच न्हाई, मग त्यातून पाणी कावून येतंय, सांगा.

संगमेशनं गिऱ्हाईकाला हात जोडले. पालीवाल्यानं चपला घातल्या.

सतरा वर्षं मी त्या यंत्रापुढं रडत आले रे, आणि सगळ्यांना मिरचीच वाटली. ओरखडा भरलाय, उद्यापासून यंत्र सुरू. चष्मा घट्ट बांधणार, संध्याकाळी कावेरी बॅटरीच्या उजेडात डोळा बघणार. विकायचं नाव आता कुणीच काढायचं नाही, तूसुद्धा.

लोभ ठेव. नाही ठेवलास तरी मिरची माझ्याकडेच पाठवावी लागेल.
तुझी अक्का