ढब्बूच्या त्या सकाळबद्दल

नागपूर,
१७ जानेवारी २००७

प्रिय निधी,

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी दचकली असशील. घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहोत. बाबांची शुगर आटोक्यात आहे, शरयूमावशीचा गुडघा दुखतो आणि ती तरीही जिने चढते. दर रविवारी फोनवर बोलतोच की आपण, मग हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मला जमलं नाही गं. चार रविवार प्रयत्न केला. तू ‘आई, अजून काय?’ म्हणतेस, बाबा शेजारी बसून रिसीव्हरसाठी हात पुढे करतात, आणि मी ‘काही नाही, जप स्वतःला’ म्हणून मोकळी होते. आज दुपारी ते झोपलेत तेवढ्यात लिहायला बसले आहे. तू एकटी असशील तेव्हा वाच. आणि मध्येच ठेवून देऊ नकोस.

मला कुत्र्यांचं कधीच प्रेम नव्हतं, हे तू जाणतेस. मे महिन्यात तुमच्याकडे अमेरिकेत आले तेव्हा गॅरेजच्या दारातून ते काळं, वासराएवढं धूड अंगावर आलं आणि मी लेकाच्या, ईशानच्या पाठीमागे लपले होते. बेवारशी कुत्र्यांच्या शेल्टरमधून आणलेला, नव्वद पाउंडांचा, धड लॅब्रॅडॉर नाही आणि धड अल्सेशियन नाही. नाव मात्र ढब्बू, तेही तूच ठेवलेलं. पण तुम्ही दोघं सकाळी ऑफिसला गेलात की त्या घरात माझ्याशी बोलायला दुसरं होतं कोण? बाहेर रस्त्यावर माणूस दिसायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी त्याच्याशी लांबून बोलायचे, दुसऱ्या आठवड्यात पोळीचा तुकडा द्यायला लागले, आणि जून सरेपर्यंत तो माझ्या पावलांवर हनुवटी टेकून झोपायला लागला. बरोबर आणलेले जुने दिवाळी अंक मी त्याला मोठ्याने वाचून दाखवायचे. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. हसू नकोस.

तुमचे नियम मला पाठ होते. घरी मी एकटी असले की ढब्बू कपडे धुण्याच्या मशिनच्या खोलीत आणि दारात ते लाकडी बेबी गेट. बेल वाजली तर दार उघडायचं नाही. उघडायचंच असलं तर आधी दाराशी टांगलेला पट्टा त्याच्या गळ्यात अडकवायचा. जुलैमध्ये पार्सलवाला त्याला बघून खोकं लॉनवर टाकून पळाला, त्या संध्याकाळी तू मला बसवून समजावलंस. पलीकडच्या गावात पोलीस भलत्याच घरी गेले आणि अंगणात मोकळा फिरणारा कुत्रा त्यांनी मारला, ही पेपरमधली बातमी वाचून दाखवलीस. ‘आई, तो चावत नाही हे आपल्याला माहीत आहे. समोरच्याला कसं कळणार? आणि इथे पोलीस घाबरले तर विचारत बसत नाहीत,’ असं तू म्हणालीस. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, पोरगी उगाच अतीच करते.

ऑगस्टमधली ती सकाळ आठवते ना? आदल्या दिवशी तू लवकर घरी आलीस तेव्हा तो हॉलमध्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून पसरला होता. तू तशीच वर खोलीत निघून गेलीस. सकाळी मात्र, ईशान बुटांच्या नाड्या बांधत असताना, हातात किल्ली घेऊन म्हणालीस, ‘आई, प्लीज. मी परत परत सांगणार नाही.’ आवाज चढला नव्हता, तुझी मीटिंग होती, घाई होती. आज हे सगळं दिसतं. त्या वेळी फक्त एवढंच दिसलं की मुलासमोर सून मला बोलली, आणि मुलगा नाड्या बांधत राहिला.

तुम्ही गेलात आणि मी धुमसत राहिले. अकरा वाजता वाटलं, शरयूला फोन करावा. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले, ती जागी असणार. तिच्यापाशी तुझीच कागाळी करायची होती, आता लपवून काय करू? कॉलिंग कार्डावरचा तो बारीक लांबलचक नंबर वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा वरच्या खोलीत. म्हटलं, थेट लावू. आधी शून्य एक एक, मग एक्क्याण्णव, असं ईशानने सांगितलं होतं. रागाच्या भरात आधीचे शून्य एक एक विसरले. नऊ दाबला, एक दाबला, आणि बोट पुन्हा एकावरच पडलं, म्हणजे लागला तुमच्याकडचा पोलिसांचा नंबर. पलीकडे एक बाई भराभर काही बोलली. मला ‘इमर्जन्सी’ एवढाच शब्द कळला. मी फोन आपटला. लगेच तो वाजायला लागला. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले, उचलला नाही. वाजून वाजून थांबला तेव्हा वाटलं, सुटले. आणि कणीक मळायला घेतली.

दहा-बारा मिनिटांत बेल वाजली. खिडकीतून पोलीस दिसला. दार उघडलं नाही तर पकडून नेतील, ईशानच्या व्हिसाचं काही होईल, असलं काहीबाही डोक्यात आलं. पट्टा दाराशीच होता गं, माझ्या खांद्याजवळ. हात कणकेचे होते. मी तसंच दार उघडलं. विशी-पंचविशीतला मुलगा, कान उन्हाने लाल झालेले. त्याने माझ्या मागे बघितलं आणि हात पुढे करून ओरडला. त्यातलं मला ‘मॅम’ आणि ‘डॉग’ कळलं, बाकी नाही. ढब्बू माझ्या गुडघ्याला घासून बाहेर गेला, भुंकत, शेपूट हलवत, तुम्ही घरी आलात की जातो तसाच. तो मुलगा मागे सरला, पायरीवरून त्याचा पाय घसरला, आणि दोन आवाज झाले. ढब्बू वळला, परत माझ्याकडे आला आणि पायपुसण्यावर आडवा झाला. मी खाली बसले. त्याच्या मानेवर हात ठेवला, तर सगळी कणीक केसांना चिकटली. पोलीस विचारत होता, कोणी फोन केला, कोणाला लागलंय का. मी ‘नो फोन, नो फोन’ म्हणत राहिले.

ईशान आला तेव्हा त्याने पहिलं हेच विचारलं, ‘आई, तू फोन केला होतास का?’ मी नाही म्हणाले. मग तूही आलीस. ईशान आत जाऊन उघडं गेट बघून आला आणि तुझ्यावर ओरडला, ‘गेट उघडं कसं? सकाळी तूच लावतेस ना?’ रडता रडता तू म्हणालीस, ‘लावलं होतं... मला वाटतं, लावलं होतं.’ ‘वाटतं म्हणजे काय?’ असं तो म्हणाला आणि तुझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी तिथेच होते, चार पावलांवर. पोलिसांच्या कागदात आलं की याच नंबरवरून फोन येऊन कट झाला, तेव्हा ईशान म्हणाला, साफ खोटं बोलतात, आणि तक्रार केली. आजही तो त्यांना पत्रांवर पत्रं लिहितो. गोळी झाडायला नको होती, हे त्याचं म्हणणं माझंही आहे. पण त्यांनी फोनबद्दल खोटं सांगितलं नाही. इथे परत आल्यापासून बेल वाजली की, घरात कुत्रा नसला तरी, मी आधी साखळी अडकवते आणि मग दार उघडते. बाबा म्हणतात, तुला झालंय काय?

परवा फोनवर तू सांगितलंस की ऑफिसला निघालेली तू हायवेवरून परत फिरतेस, गॅस बंद आहे का बघायला. कधी दोनदा. पाचवा महिना लागलाय तुला. आणि मग हळूच म्हणालीस, ‘आई, साधं एक गेट लावायला विसरले मी. बाळाला कशी सांभाळणार?’ त्या रात्री मी झोपले नाही. निधी, तू विसरली नव्हतीस. त्या सकाळी तू गेट लावलंस, खिट्टी बसल्याचा आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकला. तुझी गाडी कोपऱ्यावर वळली आणि मी जाऊन ते उघडलं, तुला दाखवायला की या घरात मीसुद्धा काही ठरवू शकते. गेट मी उघडलं, फोन मी केला, पट्टा न लावता दार मी उघडलं, आणि पाच महिने तुला दोषी राहू दिलं. ईशानला वेगळं पत्र लिहिलंय, ते चार दिवसांनी टाकेन. आधी तुला कळायला हवं. त्यात त्या तक्रारीतलं फोनबद्दलचं वाक्य काढायलाही सांगितलंय. बाबांना आज संध्याकाळी सांगणार आहे. तू रागाव, रविवारी फोन उचलावासा वाटला नाही तर नको उचलूस, बाळंतपणाला मला बोलवायचं की नाही तेही तूच ठरव. पण उद्या सकाळी घरातून निघशील, तेव्हा परत फिरू नकोस. गॅस बंद केलेला असतो गं.

तुझीच,
आई