आज्जीनं परस्पर दिलेला शब्द

गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, १२ फेब्रुवारी

तनू बाळा, तुला आज्जीचा लई लई आशीर्वाद. इथं समदे बरे, माझे गुडघे सोडून.

तर काल पहिली आली शमशाद, तुझी ती हिमरू विणणारी. मागनं तिचा नवरा वहाब, चपला कुठं काढू म्हणत दारातच उभा. त्याच्या मागं शेजारची आवडाबाई, तिला तर कुणी बोलावलंच नव्हतं!

शमशाद टेकली पण नाय. "अम्मा, माग चालू हो गये!" म्हणाली आन रडायलाच लागली. त्या व्यापाऱ्यानं 'ही वेलबुट्टी माझ्या कंपनीची' म्हणून त्यांचं हिमरू विणणं कोर्टातनं बंद पाडलेलं. तू त्याच वेलबुट्टीचा, तिच्या सासूच्या हातचा जुना शेला जज्जसाहेबांपुढं उलगडलास म्हणे. जिंकलीस, आन फी घेतली नाय.

आवडाबाई म्हणती, "फुकटची वकिलीण म्हंजी कच्चीच असंल की."

मी म्हणले, "आगं, मुंबईत बड्या बड्या कंपन्या भांडताना तिलाच पुढं घालत्यात!"

तिनं तोंड वाकडं केलं. भजी मात्र खाल्ली.

शमशादनं तुझ्यासाठी नवा शेला आणलेला. मी म्हणले, तनू घ्यायची नाय. "फिर दादी को," म्हणत तिनं माझ्याच खांद्यावर टाकला. तुझ्या नियमात आज्जी बसती का गं?

सवाष्ण घरी आलेली, म्हणून सवयीनं तांदूळ-नारळ घेऊन ओटी भरायला उठले. मग मनात आलं, ह्यांच्यात चालतं का? तर तिनं ओढणीच पसरली. वहाब हसला, "हमारी अम्मी पण घ्यायच्या, इथल्याच बायांकडून."

आनंदानं रडणारं माणूस माझ्या दारात पहिल्यांदाच आलं, तनू. तुझ्यामुळं बघितलं.

आता राहिलेलं लिहिते. तुझ्या हापिसातली मोनिका सांगत होती, तुझ्या मोठ्या साहेबांना असल्या फुकटच्या केसा खपत नायत, आन तनूताई पण आता त्या सोडणार. फोनवर मी विचारलं नाय. दमलेल्या लेकराला काय विचारायचं?

पण शमशादच्या नणंदेला, अरफाला, त्याच व्यापाऱ्याची नोटीस आलीय. तिचं घर त्या एका मागावर चालतं. शमशादनं विचारलं, "ताई लढेंगी?" मी व्हय म्हणून बसले. तुला न विचारता.

तू नाय म्हणलीस तरी माझी तनूच राहशील. पण ते तू तुझ्या तोंडानं सांग. अरफाच्या तोंडाकडं बघून माझ्यानं व्हायचं नाय.

तुझ्या जिवावर शब्द देऊन बसलेली,
तुझी आज्जी

अरफाला घेऊन रविवारी येतो म्हणालेत.