तिसऱ्या पायरीवरची लाल अक्षरं

७ जाने., बुध.
शी! उबग आलाय. पायथन ह्या कॉम्प्युटरच्या भाषेचा तिसरा तास झाला आणि अजून एकीच्याही लॅपटॉपवर ते बसलेलं नाही. शिकवायचं राहिलं बाजूला, आधी ते उघडू तर दे. इंग्रजी माहितीपत्रकातलं पहिलंच वाक्य : दोन मिनिटांत इन्स्टॉल करा. दोन मिनिटं! डोंबल तुमचं.

लायब्ररीतले पाच लॅपटॉप मुली पाळीपाळीने घरी नेतात. सगळ्यांचं तेच, तिसऱ्या पायरीला लाल अक्षरं. राजगडाच्या पायथ्याच्या पालीची सारिका, दोन गाड्या बदलून येते, तिने ती लाल अक्षरं वहीत उतरवून आणली. पानभर. मधे जिथे नुसते चौकोन दिसत होते तिथे पट्टीने चौकोनसुद्धा काढलेले. "मॅडम, हे पाठ करायचं का?" मला हसू आलं. मग वर्गही हसला. ती नाही हसली.

९ जाने.
ठरलं. माझं मीच मराठीत लिहिणार. 'सोपं' शब्दाला बंदी. ज्याला आधीच येतं त्यालाच तो सुचतो. प्रत्येक बटणाचं चित्र. लॅबमध्ये करून पाहिलं, चाललं. घरी यांच्या कॉम्प्युटरवर केलं, चाललं. बारा पानं झाली. झेरॉक्सवाल्याने चौथं पान उलटं छापलंय, कपाळ माझं.

१२ जाने., सोम.
सारिका आली, तोंड उतरलेलं. पुन्हा लाल. लॅबमध्ये होतं, नेलेल्या लॅपटॉपवर होत नाही. "तुमी केलं की व्हतं. माज्याच डोक्यात काय तरी कमी हाये." मी वैतागलेलीच होते. सगळ्यांदेखत म्हटलं, बारा पानं लिहिली तुमच्यासाठी, नीट वाचायला काय होतं गं? तिने वही बॅगेत घातली.

मुलींना हे का जमत नाही, असं इंटरनेटवर मी विचारून ठेवलं होतं, त्याला एका महाभागाचं उत्तर : नवशिके वाचतच नाहीत. वाचून बरं वाटलं मला.

१६ जाने., शुक्र.
सारिका चार दिवस नाही. आज लायब्ररीतल्या बाईंनी तिचा लॅपटॉप माझ्याकडे दिला. टॉवेलात नीट गुंडाळलेला, वर चिठ्ठी. "मला जमत न्हाई. दुसऱ्या पोरीला द्या."
कॉम्प्युटर विषयच सोडतेय म्हणे. बदलाचा अर्ज ऑफिसमधून नेलाय. ३१ पर्यंत भरायचा. गणितात वर्गात पहिली आलेली पोरगी.
लॅपटॉप घरी आणला.

१८ जाने., रवि.
सकाळी चहा झाल्यावर बसले. माझीच बारा पानं, सारिका होऊन, ओळ न ओळ. तिसरी पायरी. लाल. पुन्हा केलं, लाल. तिसऱ्यांदा केलं आणि मग पहिल्यांदाच ती लाल ओळ नीट वाचली. मी! वाचा म्हणून ओरडणारी!

मधे चौकोन. सारिकाने पट्टीने काढलेले तेच. ते चौकोन म्हणजे युजरचं नाव, त्याच नावाचं फोल्डर. इंग्रजी अक्षर नसलं की ह्या पायथनबयेच्या घशात अडकतं. आणि नाव काय? श्री.

कुणी ठेवलं? मीच. लॅपटॉप दसऱ्याला आले. हळदकुंकू, नारळ, झाकणावर झेंडू. प्राचार्य म्हणाले, मॅडम, शुभारंभ तुमच्या हातून. स्क्रीनवर नाव विचारलं, मी कोऱ्या वहीवर लिहितात तसं वर श्री लिहिलं. टाळ्या झाल्या. पाचही लॅपटॉपवर तेच. लॅबच्या मशीनना नुसते नंबर आहेत, म्हणून तिथे चालतं.

नाव बदलून बघितलं, भागत नाही, फोल्डर तेच राहतं. नवा युजर काढला, इंग्रजीत सारिका. दहा मिनिटांत बसलं. पोरीने उत्तर वहीत लिहून आणून दिलं होतं आणि मी हसले होते. किळस आली स्वतःची.

२० जाने., मंगळ.
प्राचार्यांना सांगितलं. पाचही मशीन बदलते, आणि माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापते की चूक माझी होती.
"श्री काढलं म्हणून बोंब होईल. गुपचूप करा. आणि चूक कशाला छापता? कॉलेजचं नाव आहे खाली."
मग नाव काढते, म्हटलं. कॉलेजचं.
त्यांनी समोरची फाईल उघडली. परवानगी समजायची का, देव जाणे. मी छापलं.

२५ जाने., रवि.
पालीला गेले, लॅपटॉप घेऊन. राजगडावर जाणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. सारिका पडवीत चुलीपुढे, गडावर जाणाऱ्या पंधरा पाहुण्यांच्या जेवणाच्या भाकऱ्या. तिची आई म्हणाली, "बसा मॅडम, च्या टाकते. पोरगी कालेजाचं नाव काडू देत न्हाई."
मी सांगितलं. श्री, दसरा, चौकोन, सगळं. चूक तुझी नव्हती, माझी होती.
ती भाकरी थापत राहिली. मग, "मंजी ती लाल अक्षरं खरं सांगत व्हती?"
हो.
"मॅडम, तुमी माज्यावर वरडला व्हता. समद्यांम्होरं."
हो, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
"अर्ज भरून ठिवलाय म्या." एवढंच. तव्यावरची भाकरी उलटली.
आईने चहा दिला. लॅपटॉप आणि नवी बारा पानं खाटेवर ठेवून निघाले. ये म्हणायचं धाडस झालं नाही.

२८ जाने.
इतर मुलींच्या लॅपटॉपवर बसलं. चौघींनी दोन ओळींचा प्रोग्राम चालवला. वर्गात आरडाओरडा. मला काही गोड लागेना. पुढच्या बाकावर सारिकाची जागा कुणी घेतली नाही.

३० जाने., शुक्र.
सारिका नाही. तिच्या गाडीने येणाऱ्या एका मुलीने पिशवी आणून दिली. आत माझी बारा पानं, पिठाचे डाग पडलेली. पेन्सिलीने लिहिलंय. तिसऱ्या पायरीपाशी : हितं लाल आलं तर काय करायचं ते लिवा, पोरी घाबरत्यात. पाचव्या पानावर : हे चित्र जुनं हाये, बटण आता डावीकडं. आणि नवव्या पानावर, माझ्या नजरेतून सुटलेलं एक 'सोपं' गोल करून खोडलेलं. शेजारी काही लिहिलेलं नाही.

अर्जाचं विचारलं, त्या मुलीला ठाऊक नाही. उद्या शेवटची तारीख.
पिशवी उलटी करून पाहिली. लॅपटॉप परत पाठवलेला नाही.