नूतनचा दुसरा डोस

३ जानेवारी
पालेगावात आले. सातवा मजला, छान वारा, मला स्वतंत्र खोली. जमीन बिल्डरला देऊन मिळालेला फ्लॅट: छताला सोनेरी नक्षी आणि बाथरूमचा नळ गळका. हरिचंद्र पाटलांची बारा वर्षांची नूतन माझी पेशंट. तिचं यकृत ऑक्झलेट नावाचा क्षार वाजवीपेक्षा जास्त बनवतं आणि मूत्रपिंडात खडे साचतात. आजार दुर्मिळ, आनुवंशिक. नवं आरएनए औषध हा क्षार बनवण्याचा हुकूम यकृतात वाटेतच पुसून टाकतं. महिन्याला एक इंजेक्शन. वेळेवर पडलं तर पोर डायलिसिसपासून वाचेल. असल्या अडाणी घराला शिस्त लावायला माझ्यासारखी निवृत्त मेट्रनच हवी.

४ जानेवारी
पहिला डोस. त्याआधी आजीचं, गोजरबाईचं, नाटक. दुखणं जायचं तर परक्या कोणीतरी ते घ्यावं लागतं म्हणे. रोग्याने ओंजळीत पाणी सोडायचं, घेणाऱ्याने प्यायचं. मी हात पुढे केले. म्हातारीने विचारलं, पोरंबाळं हायत का गो बाय? दीड वर्षाचा नातू आहे म्हटलं. मग नको घेऊस, म्हणाली, ह्ये दुखनं रक्तानं खाली उतरतं. मला, बी.एस्सी. झालेल्या बाईला, आनुवंशिकता शिकवते! गटकन प्यायले. हरिचंद्रने सुटल्यासारखा श्वास सोडला. बावळट.

२५ जानेवारी
नूतनचा रिपोर्ट उत्तम. औषधाचं काम, आणि म्हातारी माझ्या पाया पडते. नूतन म्हणते, सिस्टर, तुमचं इंजेक्शन लय चुरचुरतं, पण आजीच्या काढ्यापेक्षा परवडलं.

१ फेब्रुवारी
बदलापूरहून माझ्या मुलाचा, महेंद्रचा, फोन. बाळ शू करताना किंचाळतं. लंगोटात वाळूसारखं काहीतरी. पाणी पाजत नसतील. सुनेला मोबाइलमधून डोकं काढायला नको.

२ फेब्रुवारी
फोटो पाहिला. वाळूच. नूतनच्या खड्यांसारखीच चमक. आमच्या घराण्यात कोणालाही — शक्यच नाही. लघवी तपासायला दिलीय. शेवटी गोजरबाईला विचारलं, हे परत कसं द्यायचं. चक्क मी विचारलं. ती म्हणाली, पान्यानं आलं, पान्यानंच जातं. पन घ्यायला कोन उभं ऱ्हाईल?

४ फेब्रुवारी
या महिन्याच्या औषधाची बाटली एकच. पर्समध्ये ठेवली, बाळासाठी. नूतनला इंजेक्शनचं साधं पाणी टोचलं. ती हसली. आज चुरचुरलंच नाही सिस्टर, हात बसला तुमचा.

५ फेब्रुवारी
महेंद्र म्हणतो, बाळ खेळतंय. लंगोट स्वच्छ. रिपोर्टात काही नाही.
नूतन फरशीवर लोळतेय. एक डोस चुकला म्हणून एका दिवसात असं — होत नाही. होत नाही.
काल सुईतून मी पाणीच दिलं. तिने घेतलं.
गोजरबाई दारात. नुसती पर्सकडे बघतेय.
टोचायला दोन मिनिटं. पोर वाचेल. पण तिचं दुखणं निघालं, तर ते जाईल कुठे —
ती हाका मारतेय. सिस्टर, सिस्टर.
बाटली हातात आहे. नूतन, येते. येतेच मी. आधी फक्त हा महेंद्रचा फोन —