लिव्हरचा आवाज

ढाणकी, मंगळवार, संध्याकाळ

निवडणूक आटोपली, म्हणून ठाण्यात जमा केलेली बंदूक आज घरी आणली. बाबांची बावीस बोअरची, लिव्हरवाली. दुसरी कायले घेऊ? दर गोळीले लिव्हर हातानं खाली-वर करा लागते, त्यातच तर मजा हाये.

ओसरीत बसून तेल दिलं अन् रिकामाच लिव्हर चालवला. खटक-खटक. हा आवाज झाला की माही बायको सुमन सैपाकघरातून म्हणायची, "खाली हाये ना जी बंदूक, गोळी नाई ना आत? पहा बरं एकडाव." मले दरवेळी राग यायचा.

बंदूक जमा करायले गेलतो तेव्हा बायको घरी होती. मधल्या दिवसांतच वारली.

पुन्हा लिव्हर चालवला. पुन्हा एकडाव. कायची वाट पाहून राह्यलो होतो?

शेवटी सैपाकघराकडं तोंड करून मीच म्हटलं, "पाह्यली वं. खाली हाये."