स्टेडियमविषयी माझा अभिप्राय

बाई,

आपल्या मैदानावर स्टेडियम बांधावे की नाही, यावर गेल्या आठवड्यात सभा झाली आणि तिथे मी विरोधात बोलले. चांगले बोलले. हे मलाच सांगावे लागते आहे, कारण त्या सभागृहात ते ओळखण्याइतकी तयारी असलेले फारसे कोणी नव्हते. काळ्या मातीवर पाया कसा घालावा हे शिकवण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षे गेली. निवृत्तीनंतर मी वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेला घर बांधून राहिले आणि या गावात मातीचा प्रश्न निघाला की लोक माझ्याकडे येऊ लागले. स्टेडियमसाठी समिती नेमली गेली तेव्हा तांत्रिक अभिप्राय मी द्यावा असे ठरले. माझी सही झाल्याशिवाय प्रस्ताव पुढे जाणार नाही, हे समितीच्या अध्यक्षांनी स्वतः जाहीर केले. आपण काय कबूल करतो आहोत याची त्यांना तेव्हा कल्पना नसावी.

सल्लागारांचा अहवाल मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. समितीत तो कष्ट घेणारी मी एकटीच होते. छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांविषयीच्या प्रकरणात लिहिले होते की समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांमुळे गंज धरू नये म्हणून विशेष रंग वापरण्यात येईल. वर्ध्यात! कोकणातल्या कुठल्यातरी गावाचा अहवाल उचलून वरचे नाव तेवढे बदलले होते. मी ते वाक्य पडद्यावर मोठे करून दाखवले. सभागृह हसले. अध्यक्ष जुने पहिलवान आहेत, गडी हार मानत नाही. ते म्हणाले, "समुद्र नाई तं काय झालं मॅडम, धाम नदी हाये न आपल्याकडं!" मग आणखी हशा झाला, आणि तो त्यांच्या बाजूने होता. "अन् तुमचं ते पडद्यावरचं पाहता पाहता चहा थंडा होऊन गेला, ते येगळंच." मी त्यांना हसू दिले. मुद्दा नोंदवला गेला होता.

त्यानंतर मी तुमच्याविषयी बोलले. नाव घेतले नाही, 'आमच्या खेळाच्या बाई' एवढेच म्हणाले. पाऊस संपला की तुम्ही आम्हाला मैदानावर उतरवायच्या, पण खेळायला नाही. काळी माती वाळू लागली की तिला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात. चाळलेला मुरूम त्या भेगांत भरायचा, पाणी मारायचे, जड धुमसाने ठोकायचे आणि पुन्हा पाणी मारायचे. जी मुलगी हे करणार नाही तिला खो-खोच्या रांगेत बसायला मिळत नसे. एकदा सामन्यासाठी सिंदी गावचा संघ रेल्वेने येतो, आणि आपली कर्णधार मी असते. खेळ सुरू होण्याआधी पाहुण्या संघाची कर्णधार अनवाणी पायांनी सगळे मैदान फिरून बघते, पायाला खडा लागला की उचलते आणि यजमान कर्णधाराच्या हातात आणून ठेवते. ही आपल्याकडची रीत. त्या दिवशी त्यांची कर्णधार, ती सिंदीची उंच मुलगी, माझ्यासमोर उभी आहे, तिने माझ्या तळहातावर खडे ठेवले आहेत आणि ती हसते आहे. मी मागे वळून लहान मुलींना म्हणते, "झाडलं कुणी?" आणि तुम्ही सगळ्यांच्या देखत मला म्हणता, "त्याह्यले काय इचारतं? कॅप्टन कोन हाये? तुह्या हातात देल्ले न तिनं?" तो सामना आपण जिंकलो. खडे मात्र खेळ संपेपर्यंत मी मुठीतून सोडले नव्हते, आणि त्यामुळे माझा हात सोलवटला म्हणून तुम्ही पुन्हा रागावलात.

हे सगळे सांगून मी सभेला विचारले की जे मैदान खेळणाऱ्यांच्या हातांनी तयार होते, त्याला चारी बाजूंनी भिंत घालून किल्ली चौकीदाराच्या खिशात ठेवल्यावर ते कोणाचे राहील? पहाटे भरतीसाठी धावणारी मुले कुठे जातील? संध्याकाळी फेऱ्या मारणारी म्हातारी माणसे? या मातीवर एवढ्या प्रेक्षकांची गॅलरी उभी करायची तर पाया किती खोल न्यावा लागेल आणि तो तितका खोल नेला जाणार नाही हे मला का ठाऊक आहे, तेही सांगितले. शेवटी मी म्हणाले, "आमच्या वेळी त्या मैदानावर काहीही नव्हते. तरी आम्ही खेळलो." टाळ्या पडल्या. मी खाली बसले.

मग मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. मी तिला मुलगी म्हणते आहे, पण तिने तिशी ओलांडलेली असावी. आज त्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवते ती हीच. पायात बूट, गळ्यात शिटी, आणि सभेत शिटी घालून येण्याबद्दल माझे मत तत्काळ झाले होते. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही बराबर बोलून राह्यल्या. पाया, रंग, ते सगळं बराबर. पण माह्या पोरी सकाळपासून पानी पीत नाईत. शाळेतून सीधा ग्राऊंडवर येतात, अन् तिथं मुतारी नाई, कपडे बदलवाले आडोसा नाई. एकीले डॉक्टरनं खेळ बंद कराले सांगतला. इन्फेक्शन, दुसऱ्यांदा. तिची माय म्हणते, पुरे झालं खेळणं."

मी म्हणाले की ही अडचण खरी आहे, पण ती स्वच्छतागृहाची अडचण आहे, स्टेडियमची नव्हे. हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत करू नये.

"मॅडम," ती म्हणाली, "संडास मागतला तं कोनी देत नाई. माह्या पयले जे सर होते त्याह्यनं मागतला, मंग मी मागतला. फाईल बी निघत नाई त्याची. स्टेडियम मागतलं तं सगळे धावून येतात, फीत कापाले भेटते न. अन् स्टेडियममंधी संडास येतेच."

अध्यक्ष मोठ्याने हसले. "पोरीनं पोल खोलली आपली!" पण ती हसत नव्हती. माझ्याकडे बघत उभी होती. माझ्याकडे उत्तर होते. तत्त्वतः तिचे म्हणणे चूक होते: एका छोट्या गरजेसाठी एवढी मोठी आणि सदोष वास्तू उभी करणे हा नियोजनाचा पराभव आहे. हे वाक्य माझ्या मनात पूर्ण तयार होते. मी ते उच्चारले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मैदानावर गेले. ऐकीव माहितीवर अभिप्राय लिहायचा नाही, हा माझा नियम आहे. मुली सराव संपवत होत्या. खांबाच्या बुडाशी त्यांच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या, आणि त्या भरलेल्या होत्या. शिटी वाजली, तशी एकेक मुलगी आली, बाटली उचलली आणि त्यातले पाणी धुळीवर शिंपडू लागली. मी एकीला विचारले, "हे पाणी प्यायचे नाही का?" ती माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू मी परगावची आहे. "घरी जाऊन पितो न मॅडम," ती म्हणाली, "हे ग्राऊंडसाठी." शिकवणारी ती लांब उभी राहून हे पाहत होती. जवळ आली नाही. एवढे तारतम्य तिला आहे, हे मी मान्य करते.

अभिप्राय मी घरी येऊन लिहिला. काळ्या मातीचे सर्व आक्षेप त्यात आहेत. समुद्राचे वारेही आहेत, ते मी सोडणार नव्हते. मैदानाचा एक भाग कायम उघडा ठेवावा, हेही आहे. आणि शेवटी असे आहे की मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली आणि स्वच्छतागृह गॅलरीच्या आधी बांधून, वापरात आणून दाखवावे. या अटीवर प्रस्तावास माझी संमती आहे. खाली सही केली. ज्या कागदात मला चुका दिसत आहेत अशा कागदाला संमती देण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिली वेळ. त्या अटीचे काय होईल, हे मला माहीत नाही. कदाचित गॅलरी आधी होईल, कदाचित गॅलरीच होईल आणि दोन पावसाळ्यांत तिला तडे जातील, तेव्हा लोक माझी सही काढून दाखवतील. अध्यक्षांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही तं सही देऊन टाकली! तब्येत बरी हाये न?" मी त्यांना अटीचे कलम पुन्हा वाचून दाखवले. "हो जी, पयले संडास, मंग स्टेडियम. पाठच करतो," ते म्हणाले. ते करतील असे वाटत नाही. मी मात्र दर आठवड्याला जाऊन बघणार आहे आणि त्यांना ते जड जाणार आहे.

हे पत्र पोस्टात टाकायचे नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते. सरावाच्या आधी तुम्ही आम्हा सगळ्यांना ओळीने समोरच्या कंपाउंडरकाकूंच्या घरी न्यायच्या. फाटकातून हाक द्यायच्या, "काकू, पोरींले पानी पाहिजे जी." पाणी हे म्हणण्यापुरते होते, मुली मागच्या अंगणातल्या संडासात जाऊन यायच्या. मी फाटकाशी हाताची घडी घालून उभी असायची. दुसऱ्याच्या घरी असल्या गोष्टीसाठी जायचे, हे मला पटत नसे. एकदा तुम्ही विचारलेत, "तू काऊन नाई जात वं?" मी म्हणाले, "मला लागत नाही, बाई." तुम्ही माझ्याकडे बघितलेत आणि म्हणालात, "लय मोठी झाली तू." मी ते कौतुक समजून घरी नेले.

मला लागत नसे, कारण मी सकाळपासून घोटभर पाणी प्यायलेली नसे. आम्ही खेळलो हे मी सभेत सांगितले. कसे खेळलो ते सांगितले नाही. त्या मुलीने विचारले असते तरी सांगितले असते असे वाटत नाही. पुढे कॉलेजात, साइटवर, परिषदांमध्ये मी तशीच वागत आले, आणि विद्यार्थिनींना ती माझी शिस्त म्हणून दाखवत आले. गेल्या आठवड्यातल्या त्या सभेत माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला होता. मी तो उचलला नाही. त्या सभागृहाच्या मागे बायकांसाठी स्वच्छ, दिवा असलेले स्वच्छतागृह आहे. ते मला निघताना दिसले. आधी मी विचारलेच नव्हते.