तिला सांगली सोडवत नाही

सांगली
१४ नोव्हेंबर २०२१

ती. हनोखदादा यास,
मिल्काचा शा. न. वि. वि.

साष्टांगाच्या जागी शालोम घालायची बाबांची ही सवय मी मोडणार नाही, तू हसलास तरी. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं.

घराच्या चौकशीची सगळी पत्रं गेली. लिहिली मी, सह्या तुझ्या केल्या, कारण सिनेगॉगचे कमिटीवाले बाईच्या पत्राला कधी उत्तर देतील ते प्रेषित एलियाहू हन्नबीलाच ठाऊक. अहमदाबादहून उत्तर आलं, घर आहे आणि ऊनही भरपूर आहे. पण तिथल्या उन्हात तुझे गुडघे सुधारले तरी डोकं बिघडेल. पुण्यात आपली ज्यू माणसं आहेत, पण डिसेंबरात तू पुन्हा साताऱ्यासारखाच कुडकुडशील. ठाण्याला प्रतीक्षेची यादी मोठी आहे. राहिलं अलिबाग. सेक्रेटरी एझ्राभाई लिहितात की सिनेगॉगच्या मागच्या अंगणात दोन खोल्यांचं घर रिकामं होतंय, बहीणभावाला चालेल. तू एकदा जाऊन बघून ये.

ऊब तुला हवी आहे, मला नाही. सांगलीत घाम काही कमी येत नाही. मला आपली माणसं हवीत. बेंजामिन पुराच्या साली गेले तेव्हा त्यांना अंघोळ घालायला इथे आपल्यातलं कुणी नव्हतं. शेजारच्या नानासोंनी पिकअप काढला आणि पुण्याच्या दफनभूमीपर्यंत ते माझ्या शेजारी बसून आले. ते नसते तर मी काय केलं असतं कोण जाणे. पण माझ्या वेळी कुणी अशी धावपळ करावी असं मला वाटत नाही. मला अंघोळ घालणारी बाई हाकेच्या अंतरावर असावी, एवढंच माझं मागणं आहे. बाकी घर तू निवड.

गुडघ्यांना तेल लाव. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
मिल्का


सातारा
६ डिसेंबर २०२१

चि. मिल्का हीस,
हनोखचे अनेक आशीर्वाद.

अलिबागला जाऊन आलो. हवा लय छान. सकाळी उठलो तर गुडघे माझेच आहेत का अशी शंका आली. इकडे अजिंक्यताऱ्यावरून वारा सुटला की मी पलंगावरून उतरायलाच तयार नसतो.

शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये गेलो तर दारातच नऊजण उभे. दहा पुरुष जमल्याशिवाय पेटीतून तोराहचा ग्रंथ बाहेर काढता येत नाही, हे तुला माहीत आहेच. दहावा न आल्यामुळे कितीतरी शनिवार पेटी बंदच राहिली होती म्हणे. मला बघून एझ्राभाईंनी माझे दोन्ही हात धरले. एक म्हातारे तर रडले. प्रार्थना झाल्यावर मला मधोमध बसवून चहा दिला. एसटी डेपोत इतकी वर्षं गाड्यांच्या घोषणा केल्या, पण माझ्याकडे मान वळवून कुणी बघितलं नव्हतं.

घर बघितलं. दोन खोल्या आहेत, पण कौलं फेरायची आहेत, न्हाणी बसकी आहे. पावसाआधी होईलच असं नाही. तू घाई करू नकोस. घर सोडायची नोटीस वगैरे आत्ताच देऊ नकोस. मी काय ते बघतो.

आशीर्वाद पुन्हा पुन्हा देतो, स्वीकारत जा.

तुझा
दादा


सांगली
१८ जानेवारी २०२२

ती. दादा यास,
शा. न. वि. वि.

तू घाई करू नकोस म्हणालास, पण तुझं सावकाश मला चांगलंच ठाऊक आहे. तुझ्या सावकाशीत माझं लग्नसुद्धा पुढच्या साली गेलं असतं. म्हणून मी नोटीस देऊन टाकली. एक एप्रिलला नवे भाडेकरू येतील.

घर निम्मं रिकामं झालं. शिलाई मशीन नानासोंच्या सुनेला, सोनमला दिली. कपाट आणि मोठी पातेली अंजनावहिनींना. त्या पातेली घेईनात. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आवं बाई, हितं काय कमी हाय तुमास्नी? आमी न्हाई व्हय?" ज्यांनी माझ्या नवऱ्याच्या मातीला हात लावला, त्यांना आपली माणसं हवीत म्हणून जाते असं कोणत्या तोंडानं सांगणार? शेवटी म्हटलं, भावाचे गुडघे दुखतात. ते त्यांना पटलं.

शुक्रवारी लावायचा शब्बाथचा दिवा, किद्दुशच्या प्रार्थनेचा पेला आणि बेंजामिनची प्रार्थनेची पुस्तकं तेवढी ठेवली आहेत. पडद्याचं कापडही आणलं, निळं, बारीक फुलांचं. खिडक्यांची मापं कळव. अंगणात नळ कुठे आहे तेही लिही, मला तुळस नाही पण सब्जा लावायचा आहे, शब्बाथच्या संध्याकाळी वास घ्यायला.

घर बघून आल्यावरच्या त्या पत्रानंतर आलेल्या दोन पत्रांत तू घराचं काहीच लिहिलं नाहीस, फक्त हवेचं लिहिलंस. हवा मला पाठ झाली.

माझ्यावरची माया टिकवून ठेव, आता रोज लागणार आहे.

तुझी
मिल्का


सांगली
१५ मार्च २०२२

हनोखदादा यास,

हे पत्र साताऱ्याला नाही, अलिबागला पाठवते आहे. तुझा पत्ता मला आता माहीत झाला.

तू मापं कळवली नाहीस म्हणून टेप घेऊन मीच गेले. तुला कळवलं नाही, म्हटलं पडदे शिवूनच दाखवू. सोबत गुळाची ढेप होती. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या जागी मलिदा करायचा, नवीन घराचा नवस बोलायचा, असा बेत होता. सगळ्या रस्त्यानं मी मनात त्या घरात सामान मांडत होते.

एझ्राभाईंची बायको सिपोराबाई अंगणात पापड वाळत घालत होत्या. मी नाव सांगितल्यावर त्यांना फार आनंद झाला. म्हणाल्या की निदान बघायला तरी आलात, तुमचे भाऊ म्हणाले तिला सांगली सोडवत नाही, या वयात गाव सुटत नाहीच. कमिटीनं दोनदा विचारलं होतं म्हणे. दोन्ही वेळा तू तेच सांगितलंस. मग ते घर पनवेलच्या एका जोडप्याला दिलं. कौलं चांगली आहेत दादा. न्हाणीही बसकी नाही. खिडकीला त्यांनी पिवळे पडदे लावले आहेत.

तू पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेला होतास. सिपोराबाईंनी कौतुकानं तुझी फाटकाजवळची खोली दाखवली. खुंटीला तुझी तपकिरी टोपी होती, खाटेवर मी विणलेली शाल. फेब्रुवारीपासून राहतोस म्हणे. मला येणारी पत्रं साताऱ्याहून कशी आली ते आता कळलं, पेन्शनच्या फेरीत टाकत होतास.

त्यांना खरं सांगावं असं ओठावर आलं होतं. पण नऊजणांना इतक्या दिवसांनी दहावा मिळाला होता, आणि तो खोटारडा आहे हे त्यांना माझ्या तोंडून कळावं असं वाटेना. मी म्हटलं, हो, नाही सोडवत. गूळ त्यांना दिला. मलिदा केला नाही.

ते घर माझ्या पत्रानं मिळालं होतं. खाली फक्त तुझं नाव होतं. मला नको म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचंस. मी रडले असते, भांडले असते, पण माझं घर तरी राहिलं असतं. आता एक तारखेनंतर मी कुठे जायचं? नानासोंनी वरची खोली झाडून ठेवली आहे. अंजनावहिनींनी पातेली परत आणून दिली.

बाबा गेले तेव्हापासून मी तुला बाबांच्या जागी मानत आले. फार फसवलंस.

मिल्का


अलिबाग
२७ मार्च २०२२

चि. मिल्का हीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. कारण विचारशील तर ऐकायला बरं असं एकही नाही.

तू जिथे जातेस तिथे आठवड्यात मिल्काबाई होतेस. मी मिल्काबाईंचा भाऊ होतो. साताऱ्यातसुद्धा तू दोन दिवस आलीस की शेजारची दीपमाला मला विचारायची, ताई पुन्हा कधी येणार. इथे पहिल्यांदा कुणीतरी माझी वाट बघत होतं. तू आली असतीस तर सिनेगॉगात बायकांच्या गॅलरीत बसून माझं हिब्रू ऐकलं असतंस, आणि जेवताना सगळ्यांसमोर दुरुस्त केलं असतंस. तुझं हिब्रू माझ्यापेक्षा चांगलं आहे, बेंजामिननी शिकवलं होतं. एझ्राभाईंनी विचारलं आणि तोंडातून ते वाक्य निघून गेलं. दुसऱ्यांदा मात्र निघून गेलं नाही, मी म्हटलं.

तू नोटीस दिल्याचं कळलं तेव्हा सांगायला हवं होतं. रोज उद्या सांगू म्हणत राहिलो.

पेसाहच्या सणाला इथे ये. सिपोराबाईंना स्वयंपाकाला मदत लागणार आहे.

रागावलीस तरी दादा म्हणणं सोडू नकोस.

हनोख


अलिबाग
२० नोव्हेंबर २०२२

चि. मिल्का हीस,
अनेक आशीर्वाद.

पेसाहला तू आली नाहीस, उत्तरही नाही. ठाण्याला आपल्या लोकांच्या वृद्धाश्रमात तुला जागा मिळाल्याचं सिपोराबाईंकडून कळलं. बरं वाटलं.

इथे पावसाळा वाईट गेला. खोलीला ओल आली, गुडघे साताऱ्यापेक्षा जास्त सुजले. एक म्हातारे वारले, एकजण मुलीकडे गेले. आता आम्ही आठजण उरलो. शनिवारी दार उघडतात, पेटी बंदच राहते. मी वेळेवर गेलो काय, न गेलो काय, सारखंच. चहासुद्धा ज्याचा त्यानं घरी घ्यायचा.

ठाण्याला तळमजल्यावर खोली रिकामी आहे असं ऐकलं. तिथे डॉक्टर येतो, हवाही उबदार. मी आलो तर तुला काही त्रास देणार नाही. हिब्रू चुकलं तर खुशाल सगळ्यांसमोर सांग. एकदा तिथल्या बाईंशी बोलून बघशील? तू शब्द टाकलास की काम होतं.

तुझ्या मायेवर मी कायम जगत आलो, हे आता लिहितो.

तुझा
दादा


ठाणे
४ डिसेंबर २०२२

ती. दादा यास,
मिल्काचा शा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी बरी आहे. इथे डिसेंबरातही स्वेटर लागत नाही. शेजारच्या खोलीत रिवकाबाई आहेत, इथे कुणी बाई गेली की अंघोळ त्याच घालतात. त्यांना मी माझं सांगून ठेवलं आहे. मग मला शांत झोप लागायला लागली. गॅलरीत सब्जा लावला आहे. निळ्या कापडाचे पडदे इथल्या खिडकीला थोडे आखूड झाले, पण चालतात.

गेल्या महिन्यात नानासो आणि अंजनावहिनी येऊन गेले, हळद आणि गूळ घेऊन. जाताना नानासो म्हणाले, "कवाबी हाक मारा, पिकअप हितंबी येतोय." मी दोघांसमोर रडले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

सोबत गुडघ्यांचं तेल पाठवते आहे. रात्री कोमट करून लाव. ओल आलेल्या भिंतीपासून खाट दूर घे.

तुझं पत्र वाचून मी खाली गेले. तळमजल्यावरची खोली रिकामी आहे, स्वच्छ आहे, सकाळचं ऊन येतं. व्यवस्थापिका बाईंनी आपण होऊनच विचारलं की तुमचे भाऊ एकटे असतात ना, येतील का इथे, बहीणभावाला आम्ही आधी जागा देतो. जिना उतरताना मी काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांच्या टेबलाशी उभी राहिले आणि म्हटलं, त्याला अलिबाग सोडवत नाही.

बाई म्हणाल्या, या वयात गाव सुटत नाहीच. त्यांनी दोनदा विचारलं, दादा.

तेल संपलं की कळव, आणखी पाठवीन. लोभ आहे तो तेवढ्यापुरता आहे.

मिल्का